‘आम्हाला काय कळतंय त्यातलं?’ : मुलांच्या शिक्षणातील पालकांचा वाटा

पालकसभा संपत आलेली असते. शेवटच्या बाकावर अवघडून बसलेले एक पालक नाव पुकारले की उठतात, शिक्षकांनी पुढे केलेले प्रगतिपुस्तक उलटसुलट पाहतात, दाखवलेल्या जागी सही करतात आणि ‘काही विचारायचे आहे का?’ या प्रश्नावर नकारार्थी मान हलवून निघून जातात. शिक्षकांच्या मनात येते, यांना मुलीच्या अभ्यासाचे काही पडलेले दिसत नाही. पालक जिना उतरताना मनाशी म्हणत असतात, ‘एवढी शिकलेली माणसं शिकवतायत, आम्हाला काय कळतंय त्यातलं?’ दोघेही एकमेकांविषयी चुकीचा समज घेऊन परततात, आणि जिच्यासाठी ही सभा भरवलेली असते त्या मुलीच्या शिकण्यात तसूभरही फरक पडत नाही.

पालकांनी मुलांच्या शिक्षणात लक्ष घालावे, हे इतक्या वेळा सांगितले जाते की ‘लक्ष घालणे’ म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन चित्रे येतात: शाळेच्या कार्यक्रमांना हजर राहणारे पालक आणि संध्याकाळी मुलाला समोर बसवून धडा शिकवणारे पालक. ज्यांना कामावरून सुटी मिळत नाही आणि ज्यांचे स्वतःचे शिक्षण अर्धवट राहिले आहे, त्यांना या दोन्ही चित्रांत स्वतःसाठी जागा दिसत नाही, आणि म्हणून ते बाजूला होतात. या विषयावर गेल्या साठ वर्षांत जो अभ्यास झाला आहे तो मात्र वेगळेच सांगतो. पालकांच्या सहभागातील सर्वांत परिणामकारक भागाला ना पदवी लागते, ना शाळेत वारंवार खेटे घालावे लागतात. हे पालकांना पटेल अशा रीतीने सांगणे हेच त्यांना प्रोत्साहन देण्याचे खरे काम आहे, असे मला ठामपणे वाटते.

आधी एक साधा हिशेब करून पाहू. शाळा वर्षाला सुमारे २०० दिवस भरते आणि मूल रोज ६ तास तेथे असते असे धरले, तर वर्षाचे १२०० तास होतात. मूल दिवसाला साधारण १४ तास जागे असते, म्हणजे वर्षाचे ५१०० तास. याचा अर्थ असा की जागेपणीच्या वेळेतील चौथा हिस्साही शाळेच्या वाट्याला येत नाही. उरलेल्या वेळेत मूल कोणती भाषा ऐकते, कोणाशी बोलते, त्याला काय विचारले जाते आणि कोणत्या गोष्टीला घरात किंमत आहे असे त्याला दिसते, हे सारे शाळेच्या भिंतीबाहेर घडत असते. १९६६ साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी झाली. शाळांच्या इमारती, ग्रंथालये आणि खर्च यांतील फरकांपेक्षा मुलांच्या घरच्या परिस्थितीचा त्यांच्या शैक्षणिक यशाशी कितीतरी जवळचा संबंध आहे, असे त्या अहवालात आढळले. या निष्कर्षाचा काहींनी ‘मग शाळा करून करणार काय?’ असा निराश अर्थ लावला, तो योग्य नव्हता. परंतु घराकडे दुर्लक्ष करून शाळेला एकटीने हा गाडा ओढता येणार नाही, एवढे त्यातून पक्के झाले.

अर्थात ‘घरची परिस्थिती’ या शब्दांत पैसा, पालकांचे शिक्षण, राहण्याची जागा असे बरेच काही येते आणि त्यातील पुष्कळ गोष्टी पालकांच्या हातात नसतात. म्हणून पुढच्या अभ्यासकांनी प्रश्न अधिक नेमका केला: पालक प्रत्यक्ष काय करतात, आणि त्यापैकी कशाचा उपयोग होतो? अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॉइस एपस्टाइन यांनी सहभागाचे सहा प्रकार मांडले. मुलाला वाढवण्यासाठी घरात पोषक वातावरण ठेवणे, शाळेशी संवाद राखणे, शाळेच्या कामात स्वेच्छेने मदत करणे, घरी शिकण्याला आधार देणे, शाळेच्या निर्णयांत भाग घेणे आणि आसपासच्या समाजाची शाळेशी सांगड घालणे, असे ते प्रकार आहेत. या मांडणीचा मोठा फायदा हा झाला की सभेला न येणारा पालक म्हणजे बेफिकीर पालक, हे समीकरण मोडले. जी आई रात्रपाळी करून आल्यावरही मुलगा वेळेवर झोपला का, सकाळी वेळेवर उठला का, हे पाहते, ती या यादीतील पहिल्याच प्रकारात मोठा वाटा उचलत असते, मग शाळेच्या नोंदवहीत तिची एकही सही नसली तरी.

या सगळ्यांत अधिक परिणाम कशाचा होतो, हे २००९ साली नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी तपासले. माध्यमिक वर्गांच्या सुरुवातीच्या वयातील मुलांवर झालेले ५० अभ्यास त्यांनी एकत्र करून पाहिले. मुलांच्या यशाशी सर्वांत घट्ट संबंध आढळला तो एका वेगळ्याच गोष्टीचा. शिक्षणाचे मोल काय आहे याविषयी घरात होणारे बोलणे, मुलाकडून असलेली स्पष्ट अपेक्षा, अभ्यास कसा करावा याविषयीची चर्चा आणि पुढे काय करायचे याचे मुलासोबत बसून आखलेले बेत, या सर्वांचा त्यांनी एक गट केला होता, आणि तोच गट सर्वांत प्रभावी ठरला. शाळेत जाऊन घेतलेल्या सहभागाचा संबंध होता, पण तो त्याहून कमी. आणि गृहपाठात केलेली मदत? तिचा परिणाम कधी चांगला, कधी नाही, तर कधी उलटाच दिसला.

गृहपाठाचे हे कोडे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण बहुतांश घरांत संध्याकाळची चिडचिड याच जागी होते. एक कारण सरळ आहे: मूल मागे पडू लागले की पालक मदतीला बसतात, त्यामुळे जास्त मदत आणि कमी गुण या दोन गोष्टी बरोबरच दिसतात. पण तेवढ्याने सगळे उलगडत नाही. २०१५ साली एरिन मॅलनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीतील मुले आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास केला. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती होती, त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकली आणि वर्षाअखेरीस त्यांच्याही मनात गणिताची भीती अधिक बसली. मात्र हे घडले ते त्या पालकांच्या बाबतीत, जे वारंवार गणिताचा गृहपाठ करवून घ्यायला बसत होते. जेथे गणिताची धास्ती असलेले पालक मदतीला फारसे बसत नव्हते, तेथे हा परिणाम दिसला नाही. या निष्कर्षाचा अर्थ गणिताला घाबरणाऱ्या पालकांनी मुलाच्या वहीकडे पाहूच नये असा नाही. मदत करताना सुटलेला सुस्कारा, ‘मला तर हे कधीच जमलं नाही’ हे सहज निघालेले वाक्य, किंवा मुलाने चूक करताच त्याच्या हातून ओढून घेतलेली पेन्सिल, यांतून मूल गणितासोबत आणखी काहीतरी शिकत असते, हे ओळखण्याचा तो इशारा आहे.

मग करायचे काय, हे एका उदाहरणातून पाहू. दुसरी-तिसरीतील मुलाने वहीत ५२ वजा २७ बरोबर ३५ असे लिहिले आहे. पाहणाऱ्या मोठ्या माणसाच्या तोंडून पहिली प्रतिक्रिया येते ती ‘चुकलं’ अशी आणि दुसरी येते ती बरोबर उत्तर सांगण्याची. तिसरी त्याहून घातक असते, ती म्हणजे स्वतः लहानपणी शिकलेली रीत भराभर करून दाखवण्याची. कोणी ‘उसना घ्यायचा’ म्हणून शिकलेला असतो, शाळेत शिक्षक ‘दशक सुटा करायचा’ म्हणून शिकवत असतात, आणि मूल दोन रीतींच्या मध्ये अडकते. याऐवजी पालकाने इतकेच म्हणावे, ‘तू कसं केलंस, मला सांग बरं.’ मूल सांगेल, ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ चूक कोठे आहे ते आता ऐकणाऱ्याला कळले: एककाच्या घरात वरची संख्या लहान असल्यामुळे त्याने उलटी वजाबाकी केली आहे. तरीही ते सांगण्याची घाई नको. ‘बरं, ५२ मधून २७ काढले आणि ३५ उरले असं तू म्हणतोस. मग हे ३५ आणि काढलेले २७ पुन्हा एकत्र केले तर किती व्हायला हवेत?’ मूल बेरीज करते, ६२ येतात, आणि त्याच्या कपाळावर आठी उमटते. ती आठी फार मोलाची आहे. आपले उत्तर आपल्यालाच तपासता येते, हे त्या क्षणी मुलाला समजलेले असते, आणि ते समजावण्यासाठी पालकाला दशक सुटा करण्याची नवी रीत माहीत असण्याची गरज पडलेली नसते. पुढे मूल अडले, तर वहीत ‘मला इथे अडले आहे’ असे त्याच्याच हाताने लिहून शिक्षकांकडे पाठवावे. चूक दुरुस्त करून पाठवलेली स्वच्छ वही शिक्षकांना काहीच सांगत नाही. अडलेली जागा दाखवणारी वही मात्र त्यांना दुसऱ्या दिवशी कोठून सुरुवात करायची ते सांगते.

मदत आणि ताबा यांतला हा फरक मानसशास्त्रज्ञ वेंडी ग्रोल्निक आणि रिचर्ड रायन यांनी १९८९ सालच्या अभ्यासात तपासला होता. जे पालक मुलाला स्वतः विचार करू देतात, निर्णयात त्याचे मत घेतात आणि नियमांमागची कारणे सांगतात, त्यांची मुले वर्गात अधिक जबाबदारीने वागताना आणि अभ्यासात चांगली कामगिरी करताना दिसली. धाक, बक्षीस आणि सतत पहारा यांवर चालणारा अभ्यास पालक उठून गेले की थांबतो. हे पालकांच्या अनुभवाचेच आहे, तरीही परीक्षा जवळ आली की आपण पहाऱ्याकडेच वळतो. त्यामागे मुलाविषयीची काळजीच असते, हे मी नाकारत नाही.

आता बोलण्याविषयी. ‘आज शाळेत काय झालं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर जवळपास प्रत्येक घरात मिळते, आणि पालक समजतात की मुलाला सांगायचे नाही. खरे तर हा प्रश्नच फार मोठा आहे. दिवसभरातील शंभर गोष्टींतून कोणती निवडावी हे लहान मुलाला ठरवता येत नाही. ‘आज बाईंनी फळ्यावर कशाचे चित्र काढले?’, ‘आज कोणता प्रश्न तुला अवघड गेला?’, ‘वर्गात कोणी असं काही विचारलं का, की तुलाही ते विचारावंसं वाटलं?’ असे लहान आणि नेमके प्रश्न विचारले की बोलणे सुरू होते. एकदा सुरू झाले की मध्येच उपदेश करू नये, एवढे पथ्य पाळावे. मुलाने ‘आज मला फळ्यावरचं गणित आलं नाही’ असे सांगितल्यावर ‘मग घरी नीट सराव का करत नाहीस?’ असे उत्तर मिळाले, तर उद्यापासून ‘काही नाही’ हेच उत्तर का येते, हे वेगळे सांगायला नको.

अशा बोलण्याचा परिणाम शाळेत जाण्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होतो. १९८८ साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रांची पुस्तके वाचून दाखवण्याची एक वेगळी पद्धत शिकवली. पालकांनी पुस्तक सलग वाचत न जाता मुलाला ‘हा काय करतोय?’, ‘पुढे काय होईल?’ असे विचारायचे, मुलाने सांगितलेल्या एका शब्दात आपण दोन शब्द घालून वाक्य पुरे करायचे आणि हळूहळू गोष्ट सांगण्याचे काम मुलाकडे सोपवायचे. चार आठवड्यांतच या मुलांची बोलण्याची क्षमता, नेहमीच्या पद्धतीने पुस्तके वाचून दाखवलेल्या मुलांच्या पुढे गेली. पुढे २०१८ साली रेचल रोमियो आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातील बोलणे दिवसभर ध्वनिमुद्रित केले. मुलाच्या कानावर किती शब्द पडतात यापेक्षा मूल आणि मोठी माणसे यांच्यात बोलण्याची देवाणघेवाण किती वेळा होते, याचा संबंध मेंदूतील भाषेशी निगडित भागाच्या कामाशी अधिक जवळचा आढळला.

येथे वाचता न येणाऱ्या पालकांचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते तो टाळून पुढे जाणे अन्यायाचे होईल. अक्षरओळख नसलेल्या आईलाही चित्र पाहून गोष्ट रचता येते, मुलाला प्रश्न विचारता येतात आणि शाळेत गेलेले मूल मोठ्याने वाचू लागले की शेजारी बसून ऐकता येते. ‘मला वाचता येत नाही, तू वाच, मी ऐकते’ असे म्हणणारी आई मुलाला वाचणाऱ्याच्या जागी बसवते. मूल अडखळले तर तिला कळते, कारण अडखळलेल्या वाक्याचा अर्थ लागत नाही. ‘हे मला समजलं नाही, पुन्हा वाच’ असे ती म्हणाली की मूल मागे जाऊन शब्द पुन्हा जुळवते. चांगला शिक्षकही वाचनाच्या तासाला याहून फार वेगळे काही करत नसतो. घरात वेगळी भाषा बोलली जात असेल तर तीच बोलावी. पालकाने मोडक्यातोडक्या शाळेच्या भाषेत बोलण्यापेक्षा स्वतःच्या भाषेत भरभरून बोलणे मुलाच्या अधिक कामी येते, कारण विचार करण्याची, कारण सांगण्याची आणि क्रमाने गोष्ट मांडण्याची सवय एका भाषेतून दुसरीत सोबत जाते.

अपेक्षेविषयी थोडे सांभाळून बोलायला हवे. पालकांची मुलाकडून अपेक्षा असावी, ती मुलाला ठाऊक असावी, पण ती त्याच्या जिवावर उठेल अशी नसावी. ‘तू शिकशील, आणि अडशील तेव्हा आपण मार्ग काढू’ ही एक अपेक्षा आहे. ‘शेजारच्या मुलापेक्षा दोन गुण तरी जास्त पाहिजेत’ ही दुसरी. पहिली मुलाला कामाला लावते, दुसरी त्याला प्रगतिपुस्तक लपवायला शिकवते. कौतुकाचेही असेच आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुले अवघड कामापुढे लवकर नाउमेद झाली, तर ‘तू मेहनत घेतलीस’ असे ऐकलेली मुले अधिक काळ टिकून राहिली. एका वाक्याने मूल घडते किंवा बिघडते असे नाही. पण घरात दररोज कोणत्या गोष्टीची दखल घेतली जाते, याची नोंद मुले नक्की ठेवतात.

हजेरीची बाब छोटी वाटते आणि म्हणून नजरेतून निसटते. महिन्यातून दोन दिवस शाळा बुडाली तर फारसे काही बिघडले असे कोणाला वाटत नाही, मात्र दहा महिन्यांत ते २० दिवस होतात, म्हणजे २०० दिवसांच्या वर्षाचा दहावा भाग. फिलाडेल्फियात टॉड रॉजर्स आणि अवी फेलर यांनी सुमारे २८ हजार विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. आपले मूल किती दिवस गैरहजर राहिले याचा पालकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी असतो, असे त्यांना आढळले. काही घरांना टपालाने फक्त खरा आकडा कळवला गेला, आणि वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण दहा टक्के किंवा त्याहून अधिक घटले. त्या पत्रात ना दटावणी होती, ना दंडाची भाषा होती. पालकांना माहिती हवी होती आणि ती त्यांना मिळाली.

यावरून शाळेकडे वळू. पालक पुढे का येत नाहीत, याचा कॅथलीन हूव्हर-डेम्प्सी आणि हॉवर्ड सँडलर यांनी १९९० च्या दशकात पद्धतशीर विचार केला. त्यांच्या मांडणीनुसार तीन गोष्टींवर पालकांचा निर्णय ठरतो: हे माझे काम आहे असे त्यांना वाटते का, माझ्या करण्याने मुलाला फायदा होईल असा त्यांना विश्वास आहे का, आणि शाळेने किंवा मुलाने आपल्याला बोलावले आहे असे त्यांना जाणवते का. शेवटच्या बाकावरच्या त्या पालकांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांची गप्प मान वेगळीच दिसू लागते. त्यांना मुलीची काळजी आहे, पण आपल्या करण्याने काही होईल असा भरवसा नाही, आणि आजवर शाळेने त्यांना बोलावले ते सहीसाठी, पैशांसाठी किंवा तक्रारीसाठी. कित्येकांच्या मनात तर स्वतःच्या शाळेच्या दिवसांतील अपमान अजून ताजा असतो. शाळेच्या फाटकातून आत येताना ते पुन्हा त्या वयाचे होतात.

म्हणून ‘पालकांनी मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष द्यावे’ अशी सूचना फलकावर लावून काही साधत नाही. ही सूचना पाळायची कशी, हेच तिच्यात नसते. त्याऐवजी ‘या आठवड्यात मुलाला रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचायला सांगा आणि त्याने वाचलेले त्याच्याच शब्दांत तुम्हाला सांगू द्या’ असा निरोप गेला, तर पालकांच्या हातात काम येते आणि ते जमल्याचे समाधानही मिळते. लॉस एंजेलिसमधील एका शाळेत अर्थशास्त्रज्ञ पीटर बर्गमन यांनी काही पालकांना मुलाने कोणत्या विषयातील कोणता गृहपाठ दिलेला नाही हे नेमकेपणाने कळवण्याची व्यवस्था केली. मुलाच्या मेहनतीविषयी पालकांचा समज प्रत्यक्षापेक्षा बरा होता. तो दुरुस्त होताच घरात विचारणा सुरू झाली आणि मुलांचे गुण सुधारले. एपस्टाइन यांनी तर गृहपाठाचाच एक नमुना तयार केला, ज्यात मुलाने घरातील मोठ्या माणसाला आपले काम समजावून सांगायचे, त्यांची मुलाखत घ्यायची किंवा एखादा छोटा प्रयोग करून दाखवायचा असतो. काम मुलाचेच राहते आणि पालकाकडे ऐकणाऱ्याची भूमिका येते. गणिताला घाबरणाऱ्या पालकासाठी मला यापेक्षा चांगली सोय दिसत नाही.

शाळांनी आणखी एक पाळावे, आणि हे मी अगदी कळकळीने लिहितो आहे: वर्षातील पहिला निरोप चांगल्या बातमीचा असावा. ‘आज तुमच्या मुलीने वर्गात एका नव्या मुलाला स्वतःहून मदत केली’ एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात. पहिल्यांदा अशी बातमी ऐकलेले पालक पुढे अडचणीचा फोन आला तरी बचावाच्या पवित्र्यात जात नाहीत. आणि सभेची वेळ ठरवताना कामावर जाणाऱ्यांना विचारून घ्यावे. कामाचा दिवस बुडवून आलेल्या पालकाला चार मिनिटांत सहीवर परत पाठवले, तर तो पुढच्या सभेला का यावा?

पालकांनीही सभेला जाताना मुलाची एक वही सोबत नेली तर बोलणे गुणांवरून कामावर येते. ‘हिला कमी गुण का मिळाले?’ या प्रश्नाचे उत्तर ‘अभ्यास वाढवा’ असे मोघम मिळण्याची शक्यता अधिक. ‘या पानावर ती नेमकी कोठे चुकते आहे, आणि घरी मला काय करता येईल?’ असे विचारले की शिक्षकांना वहीत बोट ठेवून सांगावे लागते. शिक्षकांना ठाऊक नसलेली माहितीही पालकांकडेच असते. मुलगी गेल्या महिन्यापासून नीट झोपत नाही, घरात आजारपण आहे, तिला मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, हे सांगितल्याशिवाय शिक्षकांना कसे कळणार?

मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की बरेच पालक आपले काम संपले असे मानतात, कारण अभ्यासक्रम आवाक्याबाहेर गेलेला असतो आणि मूलही ‘तुम्ही शाळेत येऊ नका’ असे सांगू लागते. हिल आणि टायसन यांचा अभ्यास याच वयाविषयी आहे, हे येथे लक्षात घ्यावे. या वयात वही तपासणारा पालक मुलाला नकोसा होतो, पण पुढे काय करायचे, कोणता विषय का आवडतो, एखादी वाट निवडली तर तिच्यापुढे काय आहे, हे बोलायला त्याला कोणीतरी हवे असते, आणि असे बोलणे समोरासमोर बसवून घेतलेल्या चौकशीत होत नाही. ते घरातले काम करता करता होते, रस्त्याने सोबत चालताना होते, दिवा मालवण्याआधीच्या पाच मिनिटांत होते. मुलगा भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडून बसला आहे, वडिलांना त्यातले अक्षरही कळत नाही, तरी ते आपले काम घेऊन त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले आहेत. अर्ध्या तासाने मुलगा मान वर करतो आणि म्हणतो, ‘बाबा, हे जरा ऐका, मला नीट समजलंय का बघतो.’ ते हातातले काम बाजूला ठेवतात.